देवकत्यांनी दिलेला वजीर

सुजल विहारमध्ये त्या वर्षी महाराष्ट्र दिनाला बुद्धिबळाची स्पर्धा ठेवली, ती रहिवाशांमध्ये बुद्धी उतू चालली होती म्हणून नव्हे. क्रिकेट ठेवलं असतं तर माणसं घामेजली असती, घामेजलेल्या माणसांना आंघोळ लागली असती, आणि सोळा सालच्या मे महिन्यात आंघोळीपुरतं पाणी मुकुंदवाडीच्या पलीकडं कुणाकडंच नव्हतं. तेव्हा बसल्या जागी, अंगाला धूळ न लागता, कपडे न मळता खेळता येईल असा खेळ निवडावा, असा ठराव सर्वानुमते झाला. कॅरमचं नाव निघालं होतं, पण त्याला पावडर लागते आणि पावडरीचे हात धुवावे लागतात, म्हणून ते मागं पडलं.

सुजल विहार हे नाव बिल्डरनं ठेवलेलं. त्याच्या रंगीत माहितीपत्रकात रो-हाऊसांच्या दोन ओळींमध्ये एक कारंजंही छापलं होतं. कारंज्याच्या जागी आता टँकर उभा राहायचा. सामायिक बोअर मार्चमध्येच धापा टाकून गप्प झाला होता, आणि नळाला पाणी येईल असं महापालिकेनं कधी कबूलच केलेलं नव्हतं. शहर आमच्याकडं वाढत वाढत आलं खरं, पण येताना पाइपलाइन मागंच विसरून आलं, असं तिथली माणसं म्हणायची.

टँकर एक दिवसाआड यायचा. ज्याचा पाइप पहिला लागेल त्याचे ड्रम काठोकाठ, मधल्यांचे गळ्यापर्यंत, आणि शेवटच्या घराला टँकरच्या तळाचा गाळ. त्यावरून रोज भांडणं होत म्हणून कॉलनीचे सचिव साहेबराव गायके यांनी एक तोडगा काढला होता. 'प्रशासकीय सोयीसाठी' पहिला नंबर त्यांनी कायमचा स्वतःकडं घेतला होता. साहेबराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाण्याच्या वाटपात आपल्याइतका अनुभव कुणाला नाही, हे ते दर बैठकीत सांगत. लातूरला रेल्वेनं पाणी जायला लागलं तेव्हा ती गाडी मुकुंदवाडी स्टेशनवर दोन मिनिटं थांबवावी, असा अर्जही त्यांनी केला होता. ती गाडी मिरजेहून लातूरला जात होती आणि मुकुंदवाडी तिच्या वाटेतच नव्हती, ही बाब त्यांनी 'तांत्रिक अडचण' या सदरात टाकली.

स्पर्धेला बक्षीस काय ठेवायचं, यावर कॉलनीच्या अध्यक्ष चतुराबाई म्हणाल्या, "कप नको. कप धुवायला पाणी कुठाय? जो जिंकंल त्याला पाऊस येईस्तोवर टँकरचा पहिला नंबर." चतुराबाई सरकारी दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होत्या. त्यांनी एकदा सांगितलं की माणसं इंजेक्शनला निमूट दंड पुढं करत. साहेबरावांनीही हरकत घेतली नाही, कारण खात्याच्या स्पर्धेत ते सलग अजिंक्य राहिलेले होते. बक्षीस घरातच राहणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

अंतिम सामना साहेबराव गायके विरुद्ध खंडेराव देवकते असा झाला, आणि खंडेराव जिंकला.

नुसता जिंकला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. तो वजीर देऊन जिंकला. डाव ऐन रंगात असताना त्यानं आपला वजीर उचलला आणि साहेबरावांच्या राजासमोरच्या प्याद्यावर असा आपटला की बाजूच्या दोन सोंगट्या आडव्या झाल्या. राजानं वजीर खाल्ला. बघणाऱ्यांत कुणीतरी 'अरेरे' केलं. मग खंडेरावचा घोडा उठला, मोकळ्या झालेल्या पट्टीतून हत्ती उतरला, साहेबरावांचा राजा घाबरून कोपऱ्यात शिरला आणि पाचव्या चालीला तिथंच गुदमरला.

खंडेराव वाळूजच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होता. बाप कन्नडकडं मेंढरं राखायचा. हा घरातला पहिला पगारदार, पहिला कर्जावर घर घेणारा, आणि आता वजीर देऊन जिंकणारा बहुधा साऱ्या देवकत्यांत पहिलाच. दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या बसमध्ये त्यानं तो डाव सांगितला. तिसऱ्या दिवशी पुन्हा सांगितला, तेव्हा साहेबराव खुर्चीतून अर्धे उठले होते. चौथ्या दिवशी ते पूर्ण उठले होते आणि त्यांचा चष्मा पडला होता. बायको शालू तशी कौतुकाला हात आखडता घेणारी, पण पहिल्या नंबरचा पाइप लागून चारही ड्रम भरले त्या दिवशी तिनं शिरा केला. "वजीर द्यायचं कसं सुचलं वो तुम्हाला?" असं तिनं विचारलंसुद्धा. खंडेरावनं शिऱ्याचा घास गिळला आणि म्हणाला, "सुचावं लागतं." याहून मोठं उत्तर त्याला त्या क्षणी सुचलं नाही.

हे सुख एकाच टँकरपुरतं टिकलं. पुढच्या सकाळी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबरावांनी एक चित्र टाकलं. पटाचं चित्र, त्यावर खंडेरावचा वजीर, आणि वजिराच्या डोक्यावर दोन लाल प्रश्नचिन्हं. खाली मजकूर: 'पुण्याच्या जावयांनी सदर डाव कंप्युटरला दाखवला. सदर चाल घोडचूक असल्याचे कंप्युटरने नमूद केले आहे. उणे सात. रहिवाशांच्या माहितीसाठी.'

साहेबरावांना चाली लिहून ठेवायची सवय होती. त्यांनी पूर्ण डाव जावयाला फोनवर वाचून दाखवला होता, आणि जावयानं तो मोबाईलमध्ये घालून निकाल लावला होता: उणे म्हणजे देवकते मागं, आकडा जेवढा मोठा तेवढे जास्त मागं. राजा कोपऱ्यात न जाता पटाच्या मध्याकडं पळाला असता तर सुटला असता आणि देवकते फुकट वजीर घालवून बसले असते, असं मोबाईलचं म्हणणं.

"मग पळायचं होतं की मध्याकडं," खंडेराव घरात ओरडला. "मी धरून ठेवलं होतं का त्यांच्या राजाला?"

"माझ्यावर कशाला वरडता? ग्रुपवर लिहा," शालू म्हणाली.

त्यानं ग्रुपवर लिहिलं. त्यावर साहेबरावांनी अर्ज दिला. अर्ज छापील होता आणि त्यात म्हटलं होतं की विजय हा चुकीच्या चालीतून प्राप्त झालेला असून चुकीच्या कृतीचा लाभ संबंधितास देणे नियमास धरून नाही. तरी या प्रकरणी चौकशी व्हावी, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत पहिल्या नंबरास स्थगिती देऊन पूर्वीची व्यवस्था चालू ठेवावी. पूर्वीची व्यवस्था म्हणजे स्वतः साहेबराव. समिती नेमायची की नाही यावर समिती बसली, आणि तोवर टँकर आला. साहेबरावांच्या बायकोनं, आवडाबाईंनी, पाइप पहिला लावला. देवकत्यांचा पाइप रांगेत आठवा लागला आणि चौथा ड्रम कोरडा राहिला. शालूनं तो कोरडा ड्रम बोटानं वाजवून दाखवला.

पाण्याचं एक वेळ सोसलं असतं. बसमध्ये जे झालं ते सोसवेना. खंडेरावचं काम कारखान्यात मापं तपासण्याचं. रोज शेकडो भाग गेजमध्ये घालून बघायचे. बसला तर पास, अडकला तर रिजेक्ट. नवीन आलेल्या कामगारांना तो वर्षानुवर्षं एकच गोष्ट बजावत आला होता: "तुझा डोळा काय म्हणतो ते घरी ठेव. गेज म्हणतं ते खरं." आता ग्रुपवरचं चित्र कुणीतरी बसमध्ये फिरवलं होतं. खंडेराव चढला की मागच्या सीटवरून हमखास आवाज यायचा, "देवकते साहेब, गेज काय म्हणतं?" आणि दुसरा गंभीरपणे उत्तर द्यायचा, "वजीर रिजेक्ट झालाय म्हणं."

सल्ले मात्र पहिल्या धारेचे मिळत होते. समोरच्या ओळीतल्या निवृत्त तलाठ्यांनी प्रतिज्ञापत्र करायला सांगितलं. 'मी वजीर शुद्धीवर असताना व स्वखुशीने दिला' असं त्यात असावं, असं त्यांचं मत. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं सुचवलं की भारतीय मोबाईलचं काय ऐकता, परदेशी कंप्युटरला विचारा. एकानं तर देवकत्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "खरं सांगा, हात थरथरून सुटला ना वजीर?" त्या माणसाशी खंडेराव पाऊस येईपर्यंत बोलला नाही.

कामाचा सल्ला दिला तो शेजारच्या जब्बारभाईंनी. जब्बारभाईंचं शहागंजात कूलरचं दुकान. उन्हाळा असा कडक पडलेला की कूलर हातोहात खपायला हवेत, पण कूलरला पाणी लागतं, म्हणून दुकान ओस. दिवसभर गिऱ्हाइकाची वाट बघून माणूस जसा दुसऱ्यांच्या भानगडीत रस घ्यायला लागतो तसे तेही लागले होते.

"अरे देवकते साब, इत्ता परेशान कायकू होते?" ते म्हणाले. "मोबाईल क्या चीज है? अपनी अदीबाका लॅपटॉप है ना. इंजिनीअरिंग को है वो. उसकू पूछते."

त्यांची मुलगी अदीबा तिसऱ्या वर्षाला होती आणि परीक्षा होऊन घरी बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, मोबाईलनं किती वेळ विचार केला?"

"वेळ? कंप्युटरला कशाला वेळ लागतो? बटण दाबलं की झालं."

"तसं नसतं काका. तोही एकेक चाल पुढं बघत जातो. लवकर विचारलं तर जवळचं बघून सांगतो. वजीर दिल्यासारखी चाल असली तर आधी त्याला नुसतं दिसतं की वजीर गेला. मिळणारं लांब असतं. त्याला वेळ द्यावा लागतो, मग कधी कधी मत बदलतो."

खंडेरावला हे फार पटलं. यंत्रालाही आधी नुकसानच दिसतं, हे ऐकून त्याला त्या यंत्राविषयी थोडी आपुलकीच वाटली.

रविवारी दुपारी जब्बारभाईंच्या हॉलमध्ये विश्लेषण सुरू झालं. अदीबानं डाव भरला, वजीर दिल्याच्या जागी आणून थांबवला आणि यंत्राला सोडून दिलं. पहिल्या क्षणी आकडा आला उणे सात. खंडेरावचा चेहरा पडला. "थांबा काका," अदीबा म्हणाली. थांबता थांबता उणे सहा झालं. बाहेर ऊन असं की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं, आणि आत लॅपटॉप तव्यासारखा तापला. त्याचा पंखा गिरणीसारखा घोंगावला, आणि उणे पाचवर येऊन तो आपणहून बंद पडला.

"गरम झाला," अदीबा म्हणाली. "थंड हवा पाहिजे त्याला."

"कूलर लगाते," जब्बारभाई म्हणाले. घरात तीन कूलर होते, तिन्ही कोरडे. कूलरच्या व्यापाऱ्यानं देवकत्यांकडं पाहिलं. पाहण्याचा अर्थ देवकत्यांना समजला.

खंडेराव घरी आला आणि आवाज न करता ड्रममधून बादली भरू लागला. पण त्या उन्हाळ्यात शालूला झोपेतसुद्धा पाण्याचा आवाज ऐकू यायचा.

"कुठं चालली बादली?"

"कंप्युटरला."

"तहान लागली का त्याला?"

"त्याला विचार करायचाय. डोकं तापतंय त्याचं."

शालू दारात येऊन उभी राहिली. "लग्नाला एवढी वर्षं झाली, तुम्ही इचार करताना कधी बादली मागितली नाय ती!"

"अगं, पाण्यासाठीच चाललंय हे सगळं."

"पाण्यासाठी पाणी घालवायचं? लई हुशार. वजीर दिला, आता बादल्याबी द्या."

बादली गेली. कूलर लॅपटॉपच्या तोंडासमोर लागला आणि माणसं कडेला घाम पुसत बसली. आकडा उणे चारवर आला, तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉपला बॅटरी होती पण कूलरला नव्हती. कूलर थांबला, लॅपटॉप पुन्हा तापला आणि पुन्हा विझला. वीज आली तेव्हा कूलरच्या टाकीतलं पाणी फरशीवर गळून गेलेलं. दुकानातला खपला नाही म्हणून घरी आणलेला नग होता तो. दुसरी बादली. या खेपेला शालूनं नुसतं पाहिलं. तिसऱ्या बादलीला तिनं स्वतःच तांब्या भरून वर ओतला आणि म्हणाली, "घ्या. शिगोशीग न्या. अर्धवट इचार केला तर परत याल."

तिसऱ्या बादलीवर यंत्राला जे दिसायचं ते दिसलं. आकडा उणे दोन झाला, उणे एक झाला, आणि मग एकदम शून्य झाला. शून्यावर थांबला तो हलेचना.

"शून्य?" खंडेराव उठून उभाच राहिला. "शून्य म्हणजे? नापास?"

"नाय काका, बरोबरी! समोरच्यानं सगळ्या चाली बरोबर केल्या, तुम्हीही केल्या, तर डाव बरोबरीत. तुमचा वजीर चुकला नव्हता."

जब्बारभाईंनी टाळी दिली. खंडेरावची छाती शर्टाच्या बटणांना जड झाली. पण अदीबा खरं सांगणारी मुलगी होती. तिनं पट पुन्हा एक चाल मागं नेला.

"एक आहे मात्र. इथं तुम्ही वजीर न देता हत्ती नुसता मधल्या पट्टीत आणला असता, तर डाव थोडासा तुमच्याकडंच होता. सुरक्षित."

"म्हणजे वजीर देणं चूक?"

"चूक नाय काका. गरज नव्हती."

चूक म्हणाली असती तर खंडेराव भांडला असता. 'गरज नव्हती' याच्याशी कसं भांडायचं हे त्याला कळेना. तो रिकामी बादली घेऊन घरी आला आणि संध्याकाळचा चहाही त्याला नको झाला.

समितीची बैठक चतुराबाईंच्या अंगणात झाली. साहेबराव मोबाईल घेऊन आले, खंडेराव अदीबा आणि लॅपटॉप घेऊन. एक यंत्र उणे सात म्हणत होतं, एक शून्य. दोघांच्या मध्ये चतुराबाई.

साहेबराव म्हणाले, "आमचं यंत्र एका मिनिटात निर्णय देतं. यांचं दुपारभर विचार करतं, तीन बादल्या पितं आणि मग म्हणतं शून्य. हुशार कोणतं?"

"जास्त विचार करणारं," अदीबा म्हणाली.

"पोरी, माझी सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली. जास्त विचार केलेलं धरण मी कधी पूर्ण झालेलं पाहिलं नाय."

लोक हसले. खंडेराव उठला आणि म्हणाला की यंत्राचं राहू द्या, मी समोर बसलेल्या माणसाकडं बघून वजीर दिला होता. साहेबराव म्हणाले, माणूस पाहून वजीर देणं हे कुठल्या नियमात बसतं? मग दोघंही एकदम बोलायला लागले. चतुराबाईंनी हात वर केला.

"दोघांची नाडी जोरात चालली आहे," त्या म्हणाल्या. "गप बसा. यंत्रांना पाणी भरायचं नाय, त्यांना काय विचारायचं? परवा टँकरच्या वेळंला पट मांडा. वजीर द्यायच्या आधीची सगळी मांडणी तशीच ठेवा. चाल देवकत्यांची. वजीर द्या नायतर हत्ती हलवा, जे पायजे ते करा. जिंकंल त्याचा नंबर. मोबाईल माझ्या पर्समध्ये राहील."

मधले दोन दिवस खंडेरावला कुणी सुखानं राहू दिलं नाही. साऱ्या कॉलनीला आता त्या हत्तीची चाल पाठ झाली होती. किराणावाला सुटे पैसे देताना म्हणायचा, "हत्तीच बरं का." तलाठी म्हणाले, "हत्ती हलवला की प्रकरण निकाली." जब्बारभाई म्हणाले, "जिगर की बात अलग है साब, पर पानी तो पानी है." आणि शालूनं सरळ सांगितलं, "हत्ती हलवा अन गप घरी या. मला पाणी पायजे. टाळ्या नकोत."

सगळे बरोबरच बोलत होते. साहेबरावांनी मोबाईलमधल्या चाली जावयाकडून पाठ करून घेतल्या होत्या, हे आवडाबाईंनीच अभिमानानं सगळीकडं सांगितलं होतं. वजीर दिला तर ते आता कोपऱ्यात शिरणार नव्हते. हत्ती हलवला तर डाव हातात. पण हत्ती हलवला की पहिल्यांदा दिलेला वजीर खोटा ठरत होता. मग बसमध्ये सांगितलेला तो डाव, तो पडलेला चष्मा, तो शिरा, सगळंच रिजेक्ट.

ठरल्या दिवशी संध्याकाळी उलट्या ड्रमवर पट मांडला. भोवती पाइपांची वेटोळी, रिकामे ड्रम, हंडे, आणि अख्खं सुजल विहार. चतुराबाईंनी दोघांचे मोबाईल पर्समध्ये घातले आणि पर्स काखेत धरली.

खंडेराव पटाकडं बघत बसला. त्याचा हात हत्तीकडं गेला. स्पर्श केला की तीच सोंगटी हलवायची, हा नियम. म्हणून बोटं हत्तीच्या वर नुसती थांबली.

साहेबराव मिशीत हसले. "हत्तीच ना? शेवटी कंप्युटरचंच ऐकलंत. शहाणपण आहे त्यात."

त्याच वेळी वळणावर टँकरचा हॉर्न वाजला. टँकरचा ड्रायव्हर कडुबा कधी कुणासाठी थांबत नसे. नळी सोडली की पंधरा मिनिटांत टँकर रिकामा करून तो पुढच्या कॉलनीला निघायचा. हॉर्न ऐकताच अख्खी गर्दी पाइप ओढत धावली. आवडाबाई धावल्या, तलाठी धावले, जब्बारभाईही "आया मैं" म्हणत गेले. शालूनंही पाइप खांद्यावर टाकला आणि वळली.

वळता वळता तिनं पाहिलं, नवऱ्याचा हात हत्तीवरून उठला होता आणि वजिराकडं चालला होता. तो हात थरथरत नव्हता. शालूनं टँकरकडं पाहिलं, पटाकडं पाहिलं, पाइप खाली टाकला आणि परत येऊन त्याच्या मागं उभी राहिली.

खंडेरावनं वजीर उचलला आणि प्याद्यावर ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला.

साहेबरावांनी वजीर खाल्ला. घोड्याचा शह, राजा पळाला, या वेळी मध्याकडं. हत्तीचा शह, राजा आणखी आत. साहेबराव पाठ केलेल्या पाढ्यासारखे खेळत होते, खंडेरावची सोंगटी खाली टेकायच्या आत त्यांची वर. सहा चाली अशा धडाधड झाल्या. राजा मोकळ्यात आला, वजीर तर गेलाच होता, आणि साहेबराव मागं रेलून बसले.

तेव्हा खंडेरावनं कडेचं एक साधं प्यादं एक घर पुढं सरकवलं. शह नाही, मारामारी नाही, काही नाही. अदीबाच्या लॅपटॉपवर तिसऱ्या बादलीला दिसलेली चाल होती ती. मोबाईलनं ती पाहिलीच नव्हती, म्हणून जावयानं ती शिकवलीही नव्हती.

साहेबरावांनी सवयीनं खिशाला हात लावला. खिसा रिकामा. त्यांनी चतुराबाईंच्या पर्सकडं पाहिलं. पर्स काखेतच होती. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि फार दिवसांनी स्वतः विचार करायला लागले.

इथून पुढचा डाव खरा झाला. कारण साहेबराव चांगले खेळायचे, हे ते स्वतःच विसरले होते. त्यांनी एक उंट असा आडवा घातला की खंडेरावनं पुढं केलेला हात मागं घेतला. ती चाल मोबाईलची नव्हती आणि लॅपटॉपचीही नव्हती. खंडेरावचा घोडा अडकला, मग पडला. तिकडं टँकरभोवती आरडाओरडा चालला होता, "सरका, सरका, माझा नंबर!" इकडं पटाभोवती शालू, अदीबा आणि चतुराबाई, तिघीच उरल्या होत्या. शालूला खेळातलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्याचे कान लाल झालेले तिला दिसत होते. लग्न ठरताना तो बघायला आला होता तेव्हा असेच झाले होते. तिनं त्याच्या खुर्चीची पाठ धरली.

मग खंडेरावला ते दिसलं. उरलेला एकच हत्ती त्यानं राजाच्या ओळीत खाली नेला. शह. राजा एक घर वर गेला. हत्ती मागं आला. शह. राजा खाली आला. पुन्हा हत्ती, पुन्हा शह. साहेबरावांनी तिसरं घर शोधलं, चौथं शोधलं; सगळी घरं त्यांच्याच सोंगट्यांनी भरलेली. तीच मांडणी तिसऱ्यांदा आली की डाव बरोबरीत, हा नियम. ती आली, आणि चतुराबाई म्हणाल्या, "झालं. बरोबरी."

"शून्य!" अदीबा ओरडली आणि उडीच मारली.

मग साहेबराव उभे राहिले आणि त्यांनी हात पुढं केला. "देवकते, तो वजीर खरा होता. अर्ज मागं घेतो." हात सोडायच्या आधी मात्र ते म्हणाले, "पण शेवटच्या साऱ्या चाली माझ्या होत्या हं. जावयाच्या एकपण नव्हती. तो उंट बघितलात ना?"

"बघितला. जीव गेला होता माझा," खंडेराव म्हणाला, आणि साहेबरावांचा चेहरा असा उजळला की त्यांना जणू बढतीच मिळाली.

चतुराबाईंनी निकाल दिला: पहिला नंबर एका खेपेला गायक्यांचा, पुढच्या खेपेला देवकत्यांचा. निकाल ऐकायला फारसं कुणी नव्हतं. कडुबा नळी गुंडाळून निघून गेला होता. आवडाबाईंचा पाइप या ढकलाढकलीत रांगेतून बाहेर पडला होता, त्या साहेबरावांशी बोलत नव्हत्या. आणि देवकत्यांचे चारही ड्रम टणटणीत कोरडे.

घरी आल्यावर खंडेराव काही वेळ ड्रमांकडं बघत उभा राहिला.

"हत्ती हलवला असता तर पाणी आलं असतं ना?" शालूनं विचारलं.

"आलं असतं."

"मग का दिला?"

त्यानं विचार केला. बसमध्ये सांगायला कितीतरी उत्तरं होती. "माझा होता तो," तो म्हणाला.

शालूनं कोपऱ्यातला हंडा उचलला, पदर खोचला आणि जब्बारभाईंच्या दारात गेली. आत अदीबाची आई भरलेले ड्रम झाकत होती. तिच्यामागं आणखी तिघीजणी पाणी गाळत बसल्या होत्या.

"भाभी, एक हंडा पाणी द्या," शालू म्हणाली. पाणी मागायला गेलेली बाई खरं तर हळू बोलते. शालूचा आवाज दोन्ही ओळींच्या शेवटच्या घरापर्यंत गेला. "आमच्या यांनी कंप्युटरशी बरोबरी केली ना आज, पाइप लावायला सवडच झाली नाय!"